१५ हजारात डेस्कटॉप: कंपनीतून निघालेला जुना आय५ घ्यावा का?

आधीच सांगून टाकतो. १५ हजाराच्या आसपास नुसता सीपीयू (मॉनिटरशिवाय नुसता डबा) घ्यायचा असेल आणि काम टॅली, एक्सेल, क्रोम, ऑनलाइन क्लास, थोडंफार कोडिंग एवढंच असेल तर नवा कोरा पीसी घेऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला आठव्या जनरेशनचा (पिढीचा) आय५ घ्या (आय३, आय५, आय७ ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची नावं), ब्रँडेड, छोट्या कॅबिनेटचा, आणि पक्क्या बिलावर. पण घेताना काय बघायचं हे माहीत नसेल तर त्याच १५ हजारात तुमच्या गळ्यात १२-१३ वर्षांहून जुनं लोखंड पण पडू शकतं, आणि वरून ते लाल-निळे लाइट लावून "गेमिंग" म्हणून विकलेलं असेल. म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू, चहा घेऊन बसा.

खरेदी ताईसाठी होती. ताई डोंबिवलीत घरूनच काही दुकानांचं टॅली आणि जीएसटी रिटर्न बघते, लॅपटॉपचं बिजागर तुटलं आणि बॅटरी पण फुगली, मग म्हणाली आता लॅपटॉप नकोच, बसून काम करायचंय तर टेबलावरचाच घेऊ. भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, त्याला त्याच मशीनवर पायथन, सी वगैरे करायचंय आणि (आईला न सांगता) व्हॅलोरंट गेम खेळायचाय. बजेट ताईने सांगितलं २० हजार, मॉनिटरसकट. म्हटलं ताई जरा वर जाईल, तर म्हणाली "जरा म्हणजे किती ते आधी सांग."

सुरुवात भाच्याने केली. त्याने ऑनलाइन शोधून मला लिंक पाठवली: आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ग्राफिक कार्ड, आरजीबी (रंगीत लाइटचं) कॅबिनेट, कीबोर्ड माउस फ्री, सगळं १५ हजारात. मामा बघ ना, आय७ आहे! खाली बारीक अक्षरात वाचलं तर आय७-३७७०, एच६१ बोर्ड, जीटी ७३०. आता हे जरा नीट समजून घ्या कारण फसवाफसवीचा सगळा खेळ इथेच आहे. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ सालची. एच६१ चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप) २०११ चा. बोर्ड नवीन बनवलेला असतो, डब्यात सीलबंद येतो, म्हणून "ब्रँड न्यू" लिहायला मोकळे, पण त्यावर बसवलेला प्रोसेसर कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेला. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची, जी आजच्या मशीनला चालत नाही. एच६१ वर साटा (एसएसडी जोडायची वाट) फक्त ३ गिगाबिट वेगाचाच आहे, म्हणजे एसएसडी लावली तरी ती निम्म्या वेगाने पळणार, आणि यूएसबी ३ तर त्या चिपसेटमध्ये मुळातच नाही, दिलाच तर वेगळी चिप टाकून. जीटी ७३० बद्दल तर काय बोलायचं, २०१४ चं कार्ड, आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स फुकटात येतं ते जवळपास तेवढंच काम करतं.

म्हणून पहिला नियम, आय३ आय५ आय७ हे बघूच नका, डॅशनंतरचा आकडा बघा. आय५-३४७० तिसरी, आय५-६५०० सहावी, आय५-८५०० आठवी, आय३-१२१०० बारावी. चार आकडे असतील तर पहिला, पाच असतील तर पहिले दोन. विक्रेत्याने हा आकडा लिहिलाच नसेल, नुसतं "कोअर आय७ प्रोसेसर" असं असेल, तर समजून जा आणि पुढच्या लिंकवर जा.

आठवीच का? कारण विंडोज ११. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी काढलीय ती इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते (एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवाल्यांना रायझन २००० पासून), सोबत टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) पाहिजे आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) पाहिजे. सहावी-सातवीच्या मशीन काही वाईट नाहीत हो, आय७-७७०० अजून चांगला पळतो, पण त्या यादीत नाही म्हणून कंपन्यांनी त्या ढिगाने बाहेर काढल्या आणि आता दुकानात त्यांच्या थप्प्या लागल्यात, दोन-तीन हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणणार ११ टाकून देतो ना साहेब. टाकता येतं, जुगाड आहे, पण मग मोठे अपडेट आपोआप येत नाहीत, दर वेळी तोच जुगाड करत बसा. ज्या मशीनवर लोकांची जीएसटीची लॉगिनं आणि बँकेचं काम होणार तिथे मी असला जुगाड ठेवणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकणार असाल तर मात्र सहावी-सातवी बिनधास्त घ्या, मस्त सौदा आहे. ताईला टॅलीप्राइम लागतं आणि ते विंडोजवरच चालतं, त्यामुळे आमचा तो प्रश्नच मिटला.

मग गेलो लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडलं की चालतच. भाच्याला घेऊन गेलो, म्हटलं बघू दे जरा बाजार. आता तिथे पहिल्यासारखी गर्दी नाही पण जुन्या ऑफिस मशीनवाल्यांचं बरं चाललेलं दिसतंय, एकेका गाळ्यात छतापर्यंत डबे. पहिल्याच दुकानात "सर ये लो, आय सेवन, मक्खन चलता है, दो हजार कम कर देता हूँ." जनरेशन कौनसा? "सर चलने से मतलब है ना." निघालो तिथून.

जे शेवटी घेतलं त्याचं कॉन्फिगरेशन असं: आय५-८५००, १६ जीबी डीडीआर४, २५६ एसएसडी, छोटं कॅबिनेट, एक वर्षाची दुकानाची वॉरंटी, जीएसटी बिलासकट १४,५००. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण या वर्गात डेलची ऑप्टिप्लेक्स ५०६० किंवा ७०६०, एचपीची एलिटडेस्क ८०० जी४ आणि लेनोवोची थिंकसेंटर एम७२०एस ही सगळी एकाच पिढीची भावंडं आहेत, समोर जी जास्त स्वच्छ आणि कमी वापरलेली दिसेल ती उचलायची, नावावरून भांडण्यात अर्थ नाही.

आता चालतं कसं. ८५०० हा २०१८ चा प्रोसेसर, ६ कोर (एकाच वेळी काम करणारे सहा भाग), बूस्टला, म्हणजे जोर लावला की, ४.१ गिगाहर्ट्झ. बाराव्या-तेराव्या जनरेशनसमोर म्हातारा आहे हे खरं, पण बटन दाबल्यावर लॉगिन स्क्रीन यायला फारसा वेळ लागत नाही, टॅलीत एका वेळी दोन-तीन कंपन्या उघड्या, बाजूला जीएसटी पोर्टल, एक्सेलची भलीमोठी शीट, व्हॉट्सॲप वेब, आणि क्रोमचे टॅब तर ताई कधी बंदच करत नाही, तरी कुठे अडकत नाही. डिजिटल सिग्नेचरचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर सगळं पहिल्या झटक्यात लागलं. यूएसबी पोर्ट पुढे-मागे भरपूर, हे लॅपटॉपवाल्याला सांगून कळत नाही इतकं सुख आहे. यूट्यूबवर ४के व्हिडिओ चालतात, फक्त एव्ही१ या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ उलगडायची सोय या ग्राफिक्समध्ये नाही त्यामुळे तसला व्हिडिओ असेल तर प्रोसेसरला घाम फुटतो, १०८० पर्यंत काही जाणवत नाही. भाच्याचं व्हीएस कोड, पायथन आरामात. व्हॅलोरंट लो सेटिंगला खेळण्यासारखं चालतं, आणि गंमत म्हणजे विंडोज ११ वर त्या गेमला पण टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतं, म्हणजे ती आय७ वाली लिंक घेतली असती तर मामाला शिव्याच पडल्या असत्या.

वीज पण सांगतो, प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर माझ्याकडे आहे. नुसता चालू ठेवला की २० वॅटच्या आसपास, ताईचं काम चालू असताना ३० ते ४०, सगळे कोर पिळले तर ८५-९०. दिवसाला ८ तास धरले तरी महिन्याला १० युनिटच्या आत, मॉनिटर वेगळा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावला तर लाइट गेल्यावर चालू व्हाउचर सेव्ह करून शांतपणे बंद करण्याइतका वेळ सहज मिळतो, पावसाळ्यात याची किंमत कळते.

आता खटकलेल्या गोष्टी. यातल्या काही माझ्या मशीनच्या, बऱ्याचशा या प्रकारच्या सगळ्याच मशीनच्या.

वाय-फाय नाही. ऑफिसात लॅनची वायर असते म्हणून बहुतेक मशीनमध्ये कार्डच नसतं, ४०० रुपयाचा डोंगल घ्यावा लागला. मागे मॉनिटर जोडायला दोन्ही डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय नाही, मॉनिटर एचडीएमआयवाला, मग ती कन्व्हर्टर केबल ३५०. हे दुकानदार आपणहून कधीच सांगत नाही, घरी येऊन सगळं मांडल्यावर कळतं आणि मग रात्री साडेनऊला केबल शोधत फिरायचं, म्हणून दुकानातच मागचा भाग फिरवून बघा. पंखा पहिल्या दिवशी मिक्सर लावल्यासारखा ओरडत होता, उघडून बघितलं तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. दुकानाने वरून पुसून चकाचक केलेलं, आत कोणी हातच लावला नव्हता. दीडशेची ट्यूब आणली, जुनी पेस्ट काढून नवीन लावली, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, आता आवाज येत नाही. घड्याळ पण मागे पडत होतं, म्हणजे बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. तारीख चुकली की ब्राउझर सगळ्या साइटना "असुरक्षित" म्हणायला लागतो आणि माणसाला वाटतं व्हायरस आला. किराणा दुकानात पण मिळतो तो सेल, बदलून टाका.

सगळ्यात मोठी अडचण पॉवर सप्लायची. या छोट्या कॅबिनेटमध्ये कंपनीचाच खास आकाराचा, खास पिनांचा सप्लाय असतो, गल्लीतल्या दुकानातला साधा एटीएक्स (नेहमीच्या ठरलेल्या आकाराचा सप्लाय) त्यात बसत नाही. बोर्ड पण त्याच कॅबिनेटसाठी बनवलेला. म्हणजे उद्या सप्लाय उडाला तर त्याच मॉडेलचा जुना शोधा. मुंबई-पुण्यात मिळतो, ऑनलाइन पण मिळतो, पण तालुक्याच्या गावी राहत असाल आणि त्यावरच तुमचं सेवा केंद्र किंवा डीटीपी चालत असेल तर हा विचार आधी करा, किंवा सरळ तेच मॉडेल मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये शोधा, आत हात घालायला तरी जागा राहते.

दुकानात बसून काय तपासायचं ते सांगतो, लाजू नका, अर्धा तास लागला तर लागू द्या. डेलच्या मशीनवर सर्व्हिस टॅग असतो, एचपी-लेनोवोवर सिरियल नंबर, तो कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाकला की मूळ वॉरंटी कधीपर्यंत होती ते दिसतं, त्यावरून वयाचा अंदाज येतो आणि स्टिकर बदललेला असेल तर तेही कळतं. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) जाऊन बघा, पासवर्ड मागत असेल तर मशीन घेऊच नका. इंटरनेट जोडून विंडोज पहिल्यापासून सेटअप करायला सांगा, कारण काही मशीन जुन्या कंपनीच्या यादीतून काढलेल्याच नसतात आणि सेटअपच्या वेळी मधेच त्या कंपनीचं लॉगिन समोर येतं, तिथून पुढे जाताच येत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर न्या, एसएसडी किती तास चाललीय आणि हेल्थ किती टक्के ते लगेच दाखवतं. मशीन ब्रँडेड असली तरी आतली एसएसडी बहुतेक वेळा दुकानदाराने टाकलेली सगळ्यात स्वस्त असते. डेटाचा बॅकअप वेगळा ठेवाच, टॅलीचा तर रोज.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. मशीन आठव्या जनरेशनची, टीपीएम आहे, तरी मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप म्हणतं की ११ चालणार नाही. कारण दुकानदार एकच जुनी विंडोज सगळ्या मशीनवर कॉपी मारत असतो, लेगसी मोडमध्ये (मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत), त्यामुळे सिक्युअर बूट बंद. मशीनमध्ये दोष नाही. बायोसमध्ये यूईएफआय (नवी पद्धत) करायचं, सिक्युअर बूट चालू करायचं आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून बनवलेल्या पेनड्राइव्हने कोरी विंडोज टाकायची. या मशीनना बहुतेक वेळा विंडोज प्रोचं ओरिजिनल लायसन्स कंपनीतूनच आलेलं असतं आणि ते बोर्डाशी जोडलेलं राहतं, नेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आमचं झालं. दुकानदाराने प्रेमाने टाकून दिलेलं "लाइफटाइम ऑफिस" मात्र उडवा, ते क्रॅक असतं आणि त्यासोबत अँटिव्हायरस बंद करून काय काय आत सोडलंय ते देवाला ठाऊक. लिब्रेऑफिस मराठीत पण आहे, फुकट आहे.

रॅम सुरुवातीलाच १६ घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की "आत्ता ८ घेतो, नंतर वाढवतो" हा जुना सल्ला आता चालत नाही. आणि ८-८ च्या दोन पट्ट्या मागा, एकच १६ ची नको, दोन असल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला बरं पडतं.

याच पैशात दुसरं काय मिळतं? इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले छोटे चिनी मिनी पीसी, हातावर मावतात, मॉनिटरच्या मागे टांगता येतात, ६ वॅटचा प्रोसेसर, आवाज जवळपास नाही, एव्ही१ पण चालतं. टीव्हीला लावायला किंवा दुकानात नुसतं बिलिंग करायला हेच घ्या, मी पण घेईन. पण ते चार छोटे कोर आहेत, एकूण ताकद ८५०० च्या निम्म्याच्या जरा वर, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा कोण हा प्रश्न राहतोच. मोठ्या ब्रँडचे सेलेरॉनवाले (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) नवे कोरे डेस्कटॉप तर या कामासाठी विचारातच घेऊ नका, पैसे फक्त डब्याच्या नवेपणाचे जातात. आणि बजेट २७-२८ हजारापर्यंत ताणता येत असेल तर मग आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड टाकून असेंबल करून घ्या, चारच कोर असले तरी एकेक कोर ८५०० पेक्षा बराच तेज, प्रोसेसरला इंटेलची ३ वर्षं वॉरंटी, आणि साधा एटीएक्स सप्लाय कुठेही मिळतो. ज्याला नंतर ग्राफिक कार्ड लावायचंच आहे त्याने तर हेच करावं, कारण आमच्यासारख्या बारक्या कॅबिनेटमध्ये फक्त लो प्रोफाइल (कमी उंचीची) कार्ड बसतात आणि वेगळी पॉवर न लागणारीच चालतात, जीटीएक्स १६५० चं छोटं रूप वगैरे, आणि त्याच्या किमतीत मग कॅबिनेट बदलायचे पैसे निघतात.

ताईचा हिशोब शेवटी असा बसला: मशीन १४,५००, २२ इंची नवा आयपीएस मॉनिटर ६,४००, कीबोर्ड माउस ६५०, डोंगल ४००, केबल ३५०. एकूण २२,३००. "जरा म्हणजे" २,३०० झालं. मॉनिटर जुना घेतला असता तर २० च्या आत आलं असतं, दुकानदार दोन हजारात १९ इंची देत होता, पण त्याचा उजेड पिवळा पडलेला आणि ताई दिवसभर आकडे बघणार, तिथे पैसे वाचवू दिले नाहीत.

बिलाबद्दल एक सांगायचं राहिलं. "टेस्टिंग वॉरंटी" असं कुणी म्हणालं तर ती आठवडाभराची असते, ती वॉरंटी धरू नका. सहा महिने तरी लेखी पाहिजेत, बिलावर सिरियल नंबरसकट, आणि त्यात पॉवर सप्लाय येतो का ते वेगळं विचारा, कारण आधी जातो तो तोच. थोडी घासाघीस करून दहाव्या जनरेशनचा आय५-१०५०० १८ हजाराच्या आत मिळत असेल तर मात्र ८५०० सोडा आणि तोच घ्या, कोर तेवढेच ६ पण थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) १२, आम्ही गेलो त्या दिवशी २१ च्या खाली कोणी यायला तयार नव्हतं.